माळबोरी नमुना

माळबोरीत हुंग्या बसवायला सरकारी गाडी आली तेव्हा गावानं ती वेशीवरच अडवली होती. अडवणारी होती उज्ज्वला शेंडगे. बचत गट चालवून चालवून तिचा आवाज असा तयार झाला होता की समोरचा साहेब असो की जावई, आधी खुर्चीत नीट बसायचा आणि मगच तोंड उघडायचा.

"आधी बोलायचं, मग भिंतीला भोकं पाडायची," ती म्हणाली. गाडीतल्या पोरांनी ड्रिल मशीन गुपचूप परत पेटीत ठेवलं.

हुंग्या हे नाव गावाचं. सरकारी नाव इतकं लांबलचक होतं की ते पूर्ण म्हणेपर्यंत माणूस एक तर बरा व्हावा नाहीतर खपावा. वस्तू मात्र एवढीशी. वाटीएवढी पांढरी डबी, दाराच्या आत भिंतीला लावायची, खाली एक दिवा. हिरवा म्हणजे घर ठीक. पिवळा म्हणजे आठवड्याच्या आत तपासून घ्या. लाल म्हणजे तुम्ही चहाचा कप खाली ठेवेपर्यंत गाडी निघालेली.

त्यातलं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. माणसाच्या श्वासातून नुसती हवा बाहेर येत नाही, तिच्याबरोबर शेकडो तऱ्हेच्या वाफा अगदी कणाकणानं येतात. साखर वाढलेल्याच्या श्वासाला पिकून चाललेल्या फळाचा वास असतो. मूत्रपिंडं थकली की त्यात अमोनियाची झाक येते. फुप्फुसाला सूज आली की तिथल्या पेशी वेगळ्याच वाफा सोडायला लागतात. आपल्या नाकाला यातलं फार थोडं कळतं. हुंग्यात नखाएवढ्या चकत्या होत्या, प्रत्येकीवर वेगळ्या पदार्थाचा पातळ थर. वाफ थराला चिकटली की त्यातून जाणारी वीज कमीजास्त व्हायची. सगळ्या चकत्यांचं मिळून एक चित्र तयार व्हायचं आणि ते कुठल्या आजाराच्या चित्राशी जुळतंय हे डबी स्वतःच बघायची.

गोम एकच होती. घरालाही वास असतो. फोडणीचा, शेणाचा, उदबत्तीचा, ओल्या गोधडीचा. सुरुवातीला ज्या गावांत कुणाला न विचारता डब्या बसवल्या, तिथं लसणाच्या ठेच्यावर रुग्णवाहिका धावल्या होत्या. तेव्हा आरोग्य खात्याला शहाणपण सुचलं. हुंग्यानं कशाकडं दुर्लक्ष करायचं हे ज्या त्या गावानंच खात्याबरोबर बसून ठरवायचं. गावोगाव समित्या झाल्या, अर्धी माणसं खात्याची, अर्धी गावची. माळबोरीच्या समितीची अध्यक्ष कोण होणार यावर चर्चासुद्धा झाली नाही.

खात्यातर्फे आल्या डॉ. फरजाना मुल्ला. मिरजेच्या, चाळिशीतल्या, बोलायला सौम्य. पहिल्या बैठकीला त्यांनी मतदानासाठी छोटी यंत्रं आणली होती. आपापलं बटण दाबायचं, कुणाचं मत कुणाला कळायचं नाही.

उज्ज्वलानं यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि परत दिलं. "आमच्याकडं मत लपवायची रीत नाही, मॅडम. समाजमंदिरात बसायचं, सगळ्यांदेखत हात वर करायचा. ज्याला हात वर करायची भीती वाटते त्यानं मत तरी कशाला ठेवावं?"

समाजमंदिर टाळ्यांनी दणाणलं. त्या भरात तिनं दुसरीही अट घातली. गावानं एकदा ठरवलं ते खात्यानं परस्पर पुसायचं नाही. पुसायचं झालं तर परत समाजमंदिर आणि परत हात. यामागं जुनं दुखणं होतं. माळबोरीचं उपकेंद्र एका सकाळी कागदावरच्या हुकुमानं शेजारच्या गावी गेलं होतं, गावाला कळलं ते टेंपोत खाटा चढताना बघून. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही हे उज्ज्वलानं मनाशी पक्कं केलं होतं. मुल्ला मॅडमनी वही उघडली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. लिहून घेते."

त्या दिवशी घरी जाताना उज्ज्वलाची धाकटी बहीण लता तिच्या शेजारून चालत होती. लताचा नवरा गेल्यापासून दोघींची घरं भिंतीला भिंत लागून होती. लता हसत म्हणाली, "आक्का, मॅडमला पार गप केलीस की गं."

"गप करायचं नव्हतं. ऐकायला लावायचं होतं," उज्ज्वला म्हणाली. पण खूश होती ती.

---

माळबोरी म्हणजे बेदाणा. माळावर नजर जाईल तिकडं हिरव्या जाळीच्या शेड, त्यांत मजल्यावर मजले वाळत घातलेली द्राक्षं. बेदाण्याला तो सोनेरी रंग नुसत्या वाळवण्यानं येत नाही. बंद खोलीत गंधक जाळून धुरी द्यावी लागते. मग खोली उघडायची, ट्रे बाहेर काढायचे आणि मांडी घालून निवडायला बसायचं. हे काम बायांचं. खोली उघडली की डोळ्यांतून पाणी आणि घशात काटे. दरसाल द्राक्षं आली की बायांना खोकला यायचा, पाऊस लागला की जायचा. त्याला गावात बेदाण्याचा खोकला म्हणत. त्याचं औषध कुणी घेत नसे, कारण तो आजार आहे असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

हुंग्याच्या डोक्यात मात्र होतं. पहिल्याच हंगामात निवडणाऱ्या बायांच्या घरातले दिवे एकामागून एक पिवळे व्हायला लागले. नियम असा की एका वस्तीत इतके पिवळे दिवे लागले की खात्यानं कारण शोधायचं आणि ते सापडेपर्यंत संशयाची जागा बंद ठेवायची. संशयाची जागा कुठली हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

सगळ्यात मोठ्या शेड विलासआप्पा जगदाळ्यांच्या. आप्पा माणूस गोड. लग्नकार्याला पाण्याचा टँकर पाठवतील, कुणाचं पोरगं आजारी पडलं तर स्वतःची गाडी देतील. स्वतःचं कुटुंब मात्र त्यांनी सांगलीला फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. ते कुणालाच काही बोलले नाहीत. फक्त बायांना एवढंच सांगितलं, "काय करू, बायांनो? बेदाणा पिवळा पाहिजे आणि दिवा हिरवा. दोन्ही मी कुठनं आणू?"

संध्याकाळी बाया उज्ज्वलाच्या सोप्यात येऊन बसल्या. पुढं लता.

"आक्का, ते दिवं तेवढं बंद कर बाई," ती म्हणाली. "शेडला कुलूप लागलं तर वरीसभर काय खायाचं? खोकला काय आजचा हाय व्हय? आईला न्हवता?"

"होता की."

"मग? त्या डबीला काय ठावं आमच्या गावचा वास. बाहेरची हाय ती."

उज्ज्वलाला ते पटलं. पटायलाच पाहिजे होतं, कारण समोर बसलेल्या बायांनीच तिला अध्यक्ष केलं होतं. त्यांचं म्हणणं खात्यापुढं मांडायचं नाही तर मग ही समिती कशाला काढली?

तिनं बैठक बोलावली. मुल्ला मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाल्या, "ताई, गिरणीशेजारी राहणाऱ्याला काही दिवसांनी गिरणीचा आवाज ऐकू येईनासा होतो. पण त्याच आवाजात कुणी हाक मारली तर तीसुद्धा ऐकू येत नाही. गंधकाकडं दुर्लक्ष कर असं यंत्राला शिकवता येईल. पण आधी नुसत्या गंधकाचा वास त्याला वेगळा दाखवावा लागेल. शेडमध्ये एक यंत्र ठेवू द्या, बाया नसताना."

सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा ओशाळं हसले. "ठेवा की. पण मॅडम, व्यापारी येतात-जातात. सरकारी यंत्र दिसलं की बोभाटा होतोय. भाव पडला तर शेवटी बायांच्याच ताटातलं जाणार."

"मग दुसरा रस्ता?" उज्ज्वलानं विचारलं.

"बायांच्या घरी नमुने घ्यायचे. त्या कामावरून आल्या की समोर बसवायचं आणि यंत्राला सांगायचं, हे नॉर्मल आहे. पण त्यात गंधक आणि बायांचा श्वास एकत्र येणार. दोन्ही एकच समजेल ते."

"अहो मॅडम, आम्ही गिरणीशेजारीच राहतो," उज्ज्वला म्हणाली. "आणि आम्हाला हाका ऐकू येतात."

सगळे हसले. मुल्ला मॅडमसुद्धा हसल्या, थोड्या उशिरानं. हात वर झाले. एकही खाली राहिला नाही.

नमुने द्यायला पहिल्यांदा कुणी पुढं येईना, तेव्हा उज्ज्वलानं लताला पाटावर बसवलं. आधी आपल्या घरचं माणूस, ही तिची सवय होती. लता थेट शेडमधून आली होती, पदराला अजून तो वास होता. डबीपुढं तोंड नेऊन ती फुंकायला गेली आणि मध्येच खोकली. बाया खिदळल्या.

"परत फुंक," उज्ज्वला म्हणाली, "आणि नीट फुंक. तुझ्यावरनं गाव शिकणार हाय."

आठवड्याभरात माळबोरीतले सगळे दिवे हिरवे झाले.

---

मग माळबोरीचं नाव झालं. लोकांनी आणि खात्यानं मिळून सेवा कशी घडवावी याचा धडा म्हणून लोक गाव बघायला यायला लागले. उज्ज्वला त्यांना समाजमंदिर दाखवायची, हात कसे वर केले ते सांगायची. मुंबईला एका मोठ्या सभागृहात तिचा सत्कार झाला. मुल्ला मॅडम शेजारी उभ्या होत्या, त्यांनाही शाल मिळाली. फोटो लताच्या घरातही लागला, हुंग्याच्या बरोबर खाली.

खोटं कशाला बोला, डबीनं कामही केलं. पिवळा दिवा बघून दोन म्हाताऱ्यांची साखर वेळेत सापडली. एका बाळंतिणीच्या घरी लाल लागला, गाडी आली आणि ती वाचली. गावाचा विश्वास बसला. आणि एकदा विश्वास बसला की माणूस डोळे मिटून घ्यायला मोकळा होतो.

पुढच्या हंगामात लता चढावर थांबायला लागली. आधी गप्पा मारायचं निमित्त करून, नंतर नुसतीच. एके दिवशी ती उज्ज्वलाकडं येऊन उंबऱ्यावरच बसली.

"आक्का, मला दम लागतोय गं. पाऊस होऊन गेला तरी मागच्या वर्षीचा खोकला गेलाच न्हाई."

उज्ज्वलानं तिला हाताला धरून उठवलं, डबीपुढं नेलं. "फुंक."

लता फुंकली. हिरवा.

"बघ. काही नाही. वय झालं आता आपलं."

"व्हय, तसंच असंल," लता म्हणाली. तिलाही बरं वाटलं.

नंतर एकदा विदर्भातून पाहुणे यायचे होते, त्यांच्यासाठी भाकऱ्या लताच्या हातच्या ठरल्या होत्या. सकाळी उज्ज्वला बघते तर ती भिंतीला टेकून बसलेली, पीठ परातीत तसंच.

उज्ज्वलाचा पारा चढला. "काय धाड भरलीये तुला? दिवा हिरवा हाय तुज्या घरात. माणूस खोटं बोलंल, यंत्र बोलत नाही. मोठी माणसं दारात येणार आणि तू हातपाय गाळून बसलीस. कामाचा कंटाळा आला तर तसं तोंडानं सांग."

लता उठली. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, मग ओट्याला हात टेकून उभी राहायची, मग पुढची. पाहुण्यांनी भाकऱ्यांची फार तारीफ केली. उज्ज्वलानं ती लताला सांगितलीसुद्धा नाही, इतकी ती रागात होती.

---

दिवाळीनंतर लता पुण्याला लेकीकडं गेली. प्रणालीचं सासर हडपसरला, नवी सोसायटी, तिथंही दाराशी हुंग्या. तिथल्या हुंग्याला फिनेल, अगरबत्ती आणि कुत्र्यांचा वास माफ होता. बेदाण्याचं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

लतानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि दिवा लाल झाला.

प्रणालीचा फोन उज्ज्वलाला आला. "मावशी, आईला दवाखान्यात नेताहेत. मला काय करायचं कळंना."

"नेऊ नका," उज्ज्वला ठामपणे म्हणाली. "तिथला बिघडला असंल. ती इथनं हिरवी निघालीये."

 प्रणाली म्हणाली, "मावशी, ती जिना चढू शकत न्हाई. तुला दिसलं न्हाई का?"

उज्ज्वला पुण्याला पोचली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज येत येत शेवटी व्रण धरले होते, त्या आता आकसल्या होत्या. त्या परत मोकळ्या होत नसतात. सूज होती तेव्हा, वर्षा-दीड वर्षापूर्वी, धुरापासून लांब ठेवून औषध दिलं असतं तर बाई धडधाकट राहिली असती. "घरी यंत्र नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

उज्ज्वला पुण्याहून परस्पर जिल्ह्याच्या कार्यालयात गेली. मुल्ला मॅडम तिला बघून उठून उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं.

"मला नीट सांगा," उज्ज्वला म्हणाली. "तिच्या घरातला दिवा हिरवा का होता? मला समजंल असं सांगा."

"ताई, आजारी श्वास ओळखायचा तर निरोगी श्वास कसा असतो हे यंत्राला आधी ठाऊक लागतं. माळबोरीच्या यंत्रांना ते आपण शिकवलं. ज्या बायांना बसवलं त्यांना सूज तेव्हाच होती. पिवळे दिवे खरे होते." त्या म्हणाल्या, "सगळ्यात आधी लताताईंचा नमुना घेतला होता. त्यावर यंत्रानं निरोगी श्वासाचं पहिलं माप पक्कं केलं, बाकीचे त्यात मिसळत गेले. तुमच्या गावात निरोगी माणूस म्हणजे लताताईंसारखा श्वास घेणारा माणूस."

उज्ज्वला खुर्चीत बसली नाही. तिला पाट आठवला, पदराचा वास आठवला, बायांचं खिदळणं आठवलं. परत फुंक, नीट फुंक. 

"तुम्हाला हे ठाऊक होतं."

"सांगितलं होतं मी. पण एकदाच सांगितलं," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "माळबोरी यशस्वी झाली म्हणून माझी बदली टळली. मुलाची बारावी होती. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही."

"पुसून टाका ते. आत्ताच्या आत्ता."

"मला पुसता येत नाही, ताई. ती अट तुमचीच आहे. समाजमंदिर आणि हात."

---

बैठकीला गाव लोटलं. लता पुण्याहून परत आली होती, आप्पांनीच गाडी पाठवून आणली होती. नाकाला नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र घुरघुरतंय, अशी ती पुढच्या खुर्चीत बसली. पलीकडं निवडणाऱ्या सगळ्या बाया. समोर, नेहमीच्या जागी, विलासआप्पा. सगळ्यांना चहा आप्पांकडून आला.

उज्ज्वला अर्धा तास बोलली. तिनं गिरणीची गोष्ट सांगितली आणि आपण तेव्हा काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं. निरोगी श्वास म्हणून आपण कुणाचा श्वास शिकवला ते सांगताना तिचा तो तयार आवाज फाटला, आणि तिनं तो फाटू दिला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. मला कळायला पाहिजे होतं. आता पुसून टाकू. दिवे पिवळे होतील, होऊ देत. शेड काही दिवस बंद राहतील. त्यावर काय करायचं ते खात्याला विचारू, भांडू. पण आधी दिवा खरा बोलू दे."

आप्पा उभे राहिले, हात जोडले. "लताक्काचं बघून माझाही जीव तुटतोय. ताई म्हणतात ते खरंच असणार. मी मध्ये बोलणारा कोण? गावानं हात वर करायचा. माझी काही हरकत न्हाई." आणि ते बसले, बायांकडं तोंड करून. काही वाईट नजर नव्हती त्यांची. नुसते बघत होते, कोण कोण आहे ते.

"पुसायच्या बाजूनं," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

उज्ज्वलानं हात वर केला.

समाजमंदिरात पंखे फिरत होते. बाया मांडीवरच्या पोरांचे केस सारखे करत होत्या, बांगड्या मागं सारत होत्या. दोघीतिघी खोकत होत्या आणि खोकून झाल्यावर पदरानं तोंड पुसून परत खाली बघत होत्या. उज्ज्वला एकेकीकडं बघत गेली. या हातांना तिनं सही करायला शिकवलं होतं. बटणाची ती छोटी यंत्रं मुल्ला मॅडमच्या गाडीत आजही असतील, तिच्या मनात आलं. बोट हलवलं असतं बायांनी. हात नाही हलवणार.

शेवटी तिनं लताकडं बघितलं. लताचे दोन्ही हात नळीच्या बाजूला, पदराखाली होते.

"लते," ती हळू म्हणाली.

लतानं मान हलवली. नाही.

घरी आल्यावर उज्ज्वलानं तिला खाटेवर टेकवलं, उशा लावल्या आणि मग तिचा बांध फुटला. "तू तरी का गं? तू तरी वर करायचा होतास."

लता एकेका शब्दाला थांबत बोलली. "माझं तर झालं, आक्का. आता हात वर करून... मला श्वास मिळतोय व्हय? त्यांच्या पोटावर... पाय कशाला देऊ? हंगाम आलाय तोंडावर."

"मरतील त्या."

"मरतील. पर हळूहळू." ती डोळे मिटून पडली. मग म्हणाली, "तू त्या दिवशी भाकऱ्यांवरनं बोललीस ना... मला खरंच वाटलं, मी ढोंग करतीय. दिवा हिरवा हाय, आक्का म्हणतीय, मग मीच... आळशी झाले असंन."

 उज्ज्वलानं बहिणीचे पाय मांडीवर घेतले आणि दाबत बसली.

---

लता गेली तेव्हा शेडमध्ये धुरीचे दिवस होते. बाया कामावरूनच आल्या, हातपाय धुवायलाही थांबल्या नाहीत. छोट्या खोलीत गंधकाचा वास कोंदला. वरती दिवा हिरवा होता. प्रेत उचलेपर्यंत तो हिरवाच राहिला, आणि त्यात काही चूक नव्हती, कारण खोलीत जेवढ्या बाया रडत होत्या तेवढ्या सगळ्या माळबोरीच्या मापानं ठणठणीत होत्या.

उज्ज्वलानं समिती सोडली. नवी अध्यक्ष आली. पुढच्या बैठकीत एकच विषय होता. बेदाण्याच्या पट्ट्यातल्या बाकी गावांतही पिवळे दिवे लागत होते आणि तिथल्या समित्यांनी माळबोरीचा नमुना तयारच मागितला होता. नव्यानं बाया बसवायला नकोत, वेळ वाचेल. मुल्ला मॅडमनी विरोध लिहून दिला आणि त्यांची बदली गडचिरोलीला झाली. हात वर झाले. उज्ज्वला गेली नव्हती, तिला भिंतीपलीकडच्या रिकाम्या घरावरून समाजमंदिराच्या टाळ्या ऐकू आल्या.

काही दिवसांनी एक बाई तिचं घर शोधत आली. तिच्यासारखीच, पन्नाशीची, बचत गटाचा बिल्ला लावलेली. पलीकडच्या तालुक्यातल्या गावची समिती अध्यक्ष. नाव सांगितलं, पाणी प्यायली, आणि कामाचं बोलली.

"ताई, तुमचं नाव लई ऐकलं. म्हटलं नमुना घ्यायच्या आधी तुम्हालाच विचारावं. गावानं मला पुढं केलंय. उद्या काही झालं तर मलाच विचारतील."

उज्ज्वलाला बरं वाटलं. कुणी तरी विचारायला आलं होतं. तिनं त्या बाईला लताच्या घरात नेलं, फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. पाट, फुंकर, भाकऱ्या, हडपसर, नळी. काही लपवलं नाही आणि स्वतःला कुठंही वाचवलं नाही. "तो नमुना म्हणजे माझ्या बहिणीचा श्वास हाय," ती म्हणाली. "आजारी श्वास. तो तुमच्या गावात नेऊ नका. मी तुमच्या पाया पडते."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. तिनं उज्ज्वलाचा हात हातात घेतला. बाहेर तिची गाडी उभी होती, ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवून बघितला. तिच्याही गावात शेड होत्या, हंगाम होता, आणि सोप्यात येऊन बसलेल्या बाया होत्या.

तिनं पदरानं डोळे पुसले, भिंतीवरच्या डबीकडं बघितलं आणि विचारलं, "पण ताई, दिवा हिरवा राहतो ना?"

"राहतो," उज्ज्वला म्हणाली.